लार्कहर्स्टची उलट्या पायांची आमा

आमच्या तपासणीच्या फॉर्ममधला शेवटचा रकाना 'इतर शेरा' असा होता. छप्पर, गटार, वाळवी, वायरिंग, रंग हे सगळं वरच्या रकान्यांत बसायचं, आणि जे कुठेच बसत नाही ते खाली लिहायचं. बावीस वर्षांत त्या रकान्यात मी सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर 'भाडेकरूला वर कोणीतरी चालल्याचा भास होतो.' हसू नका. पगार घेऊन भुतांच्या तक्रारी नोंदवलेली बाई आहे मी. आणि त्यातलं एक भूत तर माझंच आहे. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून दोन महिने कागद पुढे घेऊन बसते आणि उठते. चहा टाकते, बाल्कनीतल्या तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालते, परत येऊन बसते. आमचे हे शेवटी वैतागले. म्हणाले, "वृंदा, एक तर लिहून टाक, नाहीतर संपादकांना सरळ नाही म्हण. तुझी ही येरझार माझ्याच्याने बघवत नाही." तर लिहून टाकते.

सिंगापूर म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. आमचे हे त्यातल्याच एकीत, रॅफल्स प्लेसला, बँकेत जन्मभर बसले. पण याच गावात झाडीत दडलेली जुनी इंग्रजी घरंही आहेत. पांढऱ्या भिंती आणि काळे रंगवलेले लाकडी खांब, म्हणून त्यांना 'ब्लॅक अँड व्हाइट' म्हणतात. इंग्रज साहेबांनी आपल्या देशातली, खेड्यातल्या जमीनदारांची मोठाली घरं डोळ्यांपुढे ठेवून ती बांधली, आणि इथला उकाडा सोसेना म्हणून निम्मी बदलली. साहेब गेले, घरं राहिली. आता ती भाड्याने देतात, आणि घेणारे बहुतेक परदेशातून चार-पाच वर्षांसाठी आलेले असतात. मी ज्या कंपनीत होते तिच्याकडे अशा काही घरांची देखभाल होती. घर रिकामं झालं की तपासायचं, दुरुस्त करून घ्यायचं, नव्या भाडेकरूला खोलीन् खोली फिरवून ताब्यात द्यायचं, आणि मग तो घर सोडेपर्यंत त्याचे फोन घ्यायचे. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे. शंभर वर्षांचं लाकडी घर सांभाळून बघा म्हणजे कळेल.

पहिल्याच महिन्यात मला आमच्या ठेकेदाराने, अंकल लिमने, धडा दिला. बंद घराच्या दाराशी आम्ही पोचलो, किल्ली माझ्या हातात. मी सरळ कुलपाला लावायला गेले तर त्याने माझा हात धरला. मग दारावर तीनदा टकटक केली, म्हणाला, "माफ करा हं, कामाला आलोय, लगेच जातो," आणि दारासमोरून बाजूला होऊन उभा राहिला. इथल्या सवयीप्रमाणे वाक्याला 'लाह' जोडून मला म्हणाला, "तू पण बाजूला हो लाह. आतल्याला बाहेर पडायला वाट नको?"

मी मनातल्या मनात हसले. चिपळूणच्या कॉलेजात फिजिक्स शिकलेली बाई मी! पण सहा महिन्यांत मीही टकटक करायला लागले. विश्वास होता म्हणून नव्हे. टकटक केली की आतली माकडं, वटवाघळं, कधी एखादा अजगर, सगळ्यांना आपण आल्याचं कळतं. आजही हॉटेलच्या खोलीत मी टकटक केल्याशिवाय शिरत नाही, आणि माझी लेक कपाळाला हात लावून म्हणते, "आयो मम्मी, देअर इज नोबडी इनसाइड लाह!"

भुतांना कारण असतं, हे मी त्या नोकरीत शिकले. संध्याकाळी लाकूड थंड होताना आकसतं आणि जिना पायरी-पायरीने वाजतो. जुन्या नळात हवा अडकली की भिंतीतून कोणी ठोकल्यासारखं होतं. एक जर्मन बाई होती, तिने आठवड्यात तीनदा फोन केला. म्हणे वर कोणी तरी चालतं आणि भात शिजल्याचा वास येतो, घरात तर कोणी भात खात नाही. मी गेले. माळ्याचं झाकण उघडलं आणि खरंच, आंबेमोहोर शिजल्यासारखा घमघमाट! म्हटलं, बाई, हे उदमांजर आहे. इथल्या उदमांजराच्या अंगाला असाच वास येतो. तिने माझे आभार मानले, पण चेहरा पडला तो पडलाच. भूत गेलं म्हणून हिरमुसलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मोठ्या इंग्रजी घरात राहायचं तर त्याच्याबरोबर भूतही मिळालं पाहिजे, असा त्यांचा हिशेब असायचा.

आणि इथूनच मी घसरले.

लार्कहर्स्ट हे आमच्याकडचं सगळ्यात अवघड घर. टेकडीवर, मोठ्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीत, सदा दमट. एका रबर कंपनीच्या साहेबाने ते बांधलं, आणि इंग्लंडातल्या वडिलांच्या घराची इतकी हुबेहूब नक्कल केली, की दिवाणखान्याच्या भिंतीत शेगडीसुद्धा बांधली. सिंगापुरात! घामाने जीव जातो आणि यांना शेकोटी हवी. पुढे साहेबांसाठी रुंद जिना, मागे नोकरांसाठी अरुंद, चढा, वळणाचा. पुढच्या जिन्याला कठड्यावर नक्षी, मागच्याला कठडाच नाही. ते घर नऊ महिने रिकामं होतं. आमच्या साहेबांनी सांगितलं, भाडेकरूंना इतिहास आवडतो, तेव्हा एक पानभर इतिहास लिहून दिवाणखान्यात लावा.

जुन्या फायलींत मला तीन गोष्टी मिळाल्या: घराचा नकाशा, साहेबाचं नाव, आणि एक फोटो. फोटोत साहेब-मडम खुर्च्यांवर, आणि मागे ओळीने नोकर. अगदी टोकाला एक किडकिडीत चिनी बाई, पांढरा ब्लाउज, काळी विजार, केसांचा घट्ट अंबाडा. ही घरातली आमा. आमा म्हणजे घरात राहून मुलांपासून स्वयंपाकापर्यंत सगळं बघणारी बाई. बाकी सगळे साहेबाकडे बघत होते, ही एकटी सरळ कॅमेऱ्यात. मी पान लिहिलं, फोटो चौकटीत बसवला, दोन्ही भिंतीला लावले.

मग मिसेस हार्टली आल्या. इंग्रज, हसऱ्या, उत्साही. सगळं घर फिरून झाल्यावर त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि इथे कोण आहे?"

"कोणीच नाही. नऊ महिने रिकामं आहे," मी म्हटलं.

"तसं नाही हो! भूत कोणाचं आहे? माझ्या काकांच्या घरात एक पाद्री होता. दर नाताळात दिसायचा."

सकाळपासून ते माझं तिसरं घर होतं. पाय दुखत होते, आमच्या साहेबांना आज होकार हवा होता, आणि मडमांच्या भुतांचा मला मनापासून कंटाळा आला होता. प्रत्येक बंगल्यात तीच ती पांढऱ्या झग्यातली मडम! माझी नजर फोटोवर गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे एक आमा आहे. मागच्या जिन्यावर असते."

मिसेस हार्टलींचे डोळे चमकले. "भूत आहे हे कसं ओळखायचं?"

"पायांवरून," मी म्हटलं. "तिचे पाय उलटे आहेत. टाचा पुढे, बोटं मागे."

आता तुम्ही मराठी वाचक आहात, तुम्हाला सांगायला नको हे कुठून आलं. आमची गुहागरची आत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना दुपारी झोपवण्यासाठी हडळीच्या गोष्टी सांगायची. विहिरीवर बाई दिसली की आधी पायांकडे बघायचं, हा तिचा नियम. चिनी भुतांचे पाय तसे असल्याचं इथे मी कधी ऐकलं नाही, इंग्रजांच्या भुतांना तर पायच दिसत नाहीत. गुहागरची हडळ उचलून मी थेट लार्कहर्स्टच्या जिन्यावर नेऊन बसवली. मिसेस हार्टलींनी त्याच आठवड्यात करारावर सही केली.

पुढे काय झालं ते मी बघत गेले आणि खरं सांगते, गंमत वाटायची. हार्टलींनी पार्ट्यांत सांगितलं. त्यांच्या मैत्रिणीने क्लबच्या मासिकात लिहिलं. मग भुतांच्या जागा दाखवत फिरवणारी बस आमच्या फाटकाबाहेर थांबायला लागली. मग व्हिडिओ आले. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारच्या दोन शाळकरी मुली मोबाइलवर तो बघत होत्या आणि एक दुसरीला म्हणाली, "सो स्केअरी लाह, हर फीट ऑल बॅकवर्ड!" मी चोआ चू कांग स्टेशनपर्यंत गालातल्या गालात हसत आले. माझं बाळ चांगलं चाललंय, असं वाटलं. केवढी मी शहाणी!

गेल्या वर्षी, माझी निवृत्ती तीन महिन्यांवर असताना, लार्कहर्स्टच्या वॉचमनचा, सेल्वमचा, सकाळी फोन आला. हार्टली केव्हाच मायदेशी गेले होते, घर दुरुस्तीसाठी रिकामं होतं. सेल्वम म्हणाला, "मॅडम, एक आंटी आली आहे. आत सोडा म्हणते. हटत नाही."

चिनी सातवा महिना चालू होता. आपला पितृपक्ष असतो ना, तसाच. गेलेल्या लोकांना महिनाभर मोकळीक असते, म्हणून त्यांच्यासाठी जेवण मांडतात, आणि कागदाचे कपडे, कागदाचे जोडे, काय काय करून जाळतात. जाळलं की ते त्यांना पोचतं. लोकांच्या फ्लॅटखाली त्यासाठी पत्र्याची पिंपं ठेवलेली असतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सासऱ्यांच्या श्राद्धाला इथे कावळा काही फिरकेना, एक साळुंकी आली आणि भात उचलून गेली, तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "चालेल. बाबांना कळेल."

फाटकाशी ठेंगणीशी म्हातारी उभी होती. सत्तरी ओलांडलेली, चाकांची पिशवी हातात. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हौगांगहून, दोन बस बदलून आली होती. तिचं नाव युक लान. तिने मला नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाली, "माझी आई आत आहे. मागच्या जिन्यावर."

 मी कंपनीच्या आवाजात म्हटलं, "आंटी, आत कोणी राहत नाही."

"माहीत आहे लाह. मेलेली आहे. चाळीस वर्षं झाली." मग फाटकाच्या पायरीवर बसून तिने सांगितलं. तिची आई, आ क्वान, या घरात आमा होती. त्या काळी चीनमधल्या कॅन्टनकडून आलेल्या पुष्कळ आमा लग्न करणार नाही अशी शपथ घ्यायच्या, देवासमोर केस वर बांधायच्या, आणि जन्मभर दुसऱ्यांची मुलं वाढवायच्या. मग म्हातारपणाआधी एखादी मुलगी दत्तक घ्यायच्या. "मला दीड वर्षाची असताना घेतलं. कशासाठी, तर ती गेल्यावर तिचं करायला कोणीतरी हवं. एवढ्याचसाठी मला घेतलं होतं," युक लान म्हणाली. "आणि मी ते केलं. सगळं नीट केलं. मग सात वर्षांपूर्वी भाच्याने मोबाइलवर दाखवलं, लार्कहर्स्टच्या जिन्यावर आमा फिरते. मी त्याला म्हटलं, दुसरी कोणी असेल. पण तो म्हणाला, पाय बघ."

"पाय?" मी विचारलं.

"ती याच जिन्यावरून पडली होती. मडमेच्या आंघोळीचं पाणी वर नेताना. हाड नीट जुळलं नाही. एक पाय कायमचा बाहेर वळला." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "जिवंतपणी एकच पाय वाकडा होता. आता दोन्ही उलटे झाले. मेल्यावर माणूस बरं होतं म्हणतात ना? मग हिचं वाढलं कसं? मी काय कमी केलं?"

पिशवीतून तिने कागदी जोडे काढले, काळे, आमा घालत तसले, स्वतः दुमडून केलेले. सात वर्षं ती जोडे उलटे मांडून जाळत होती. तिने दाखवलंच मला: आई आपल्या दिशेने येणार, पण तिचे पाय उलटे, म्हणजे बोटं रस्त्याकडे हवीत. टाचा आपल्याकडे. तरच तिला येता येता घालता येतील.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. नाही बोलले. मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, "आंटी, लाकडी घर आहे, आत काही जाळायला परवानगी नाही." नियम! तिने मान डोलावली. मी तिला आत नेलं, तेव्हा मागच्या जिन्याच्या तळाशी तिने दोन संत्री ठेवली. टकटक नाही, माफी नाही, नुसतं म्हणाली, "आई, मी." आणि निघून गेली.

चार दिवस मी घरात भिंगरीसारखी फिरत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. कपाटं आवरली, परत विस्कटली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू मुद्दाम तिच्या आईबद्दल थोडीच बोललीस? योगायोग आहे." योगायोग म्हणून सोडून द्यायला मला जमेना. फोटो बघून बोलले होते मी. तो चेहरा मीच निवडला होता. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाचं काही बिघडवलं नाही, तिला मी एक भाडेकरू मिळवण्यासाठी जिन्यावर भटकत ठेवलं, आणि तिची लेक सात वर्षं स्वतःला दोष देत बसली. लाज वाटली, आजही वाटते.

पाचव्या दिवशी हौगांगला गेले. युक लानने दार उघडलं, चहा केला. मी खुर्चीवर बसायच्या आधीच बोलून टाकलं: "आंटी, ते भूत मी केलं. खोटं आहे. सगळं मीच बनवलं."

 ती चक्क हसली. "तू चांगली बाई आहेस. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"नाही हो! खरंच!"

"मग पाय कसे माहीत तुला?"

घ्या! खोटं बोलले तेव्हा सगळ्या सिंगापूरने विश्वास ठेवला, आणि खरं बोलायला आले तर ही एक म्हातारी ऐकेना. किती सांगितलं, आमच्या गावाकडे अशी भुतं असतात, ती मान डोलवत होती आणि बिस्किटं पुढे करत होती. शेवटी माझे हात टेकले. मी मोबाइल काढला आणि गुहागरला आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

आत्या नव्वदीला टेकलेली. चुलतभावाने फोन तिच्यासमोर धरला, तर आधी तिचं कपाळच दिसत होतं. म्हटलं, "आत्या, हडळ कशी ओळखायची ते सांग."

"सकाळी सकाळी हडळ? बरी आहेस ना गो?"

"सांग तर!"

"पाय बघायचे. टाचा पुढे, बोटं मागे." आणि तिने दोन्ही पंजे उलटे करून दाखवले, अगदी पन्नास वर्षांपूर्वी दाखवायची तसे. युक लानला भाषांतराची गरजच पडली नाही. तिचा कप हातातच राहिला.

मग मी आत्याला सगळी हकीकत सांगितली. आत्या भडकली. "मेल्ये, माझी हडळ तिकडे नेलीस कशाला? आणि दुसऱ्याच्या आईला लावलीस? शरम नाही वाटली?" मी मान खाली घालून ऐकलं. साठीतल्या बाईला परक्या घरात आत्याच्या शिव्या खाताना काय वाटतं, ते सांगून कळायचं नाही. मग ती म्हणाली, "फोन तिच्याकडे फिरव. तिला सांग, हडळ अशी कुणाचीही होत नाही. जिला मागे विचारणारं कुणी नाही, तिची होते. हिची आई कशाला होईल? ही बघ, सत्तरीची झाल्ये, तरी आईच्या जोड्यांची काळजी करत्ये."

मी जसंच्या तसं सांगितलं.   युक लानने डोळे पुसले, चष्मा पुसला. मग तिने मला विचारलं, "तुमच्या त्या गावातल्या बाईला, त्या हडळीला, जोडे कोण देतं?"

मी आत्याला विचारलं.  तिने आम्हा पोरांना इतकी वर्षं गोष्टी सांगितल्या, पण हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "कुणी नाही हो देत," ती हळूच म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी मी देते," युक लान म्हणाली.

उरलेल्या दिवसांत मी जमेल ते निस्तरायचा प्रयत्न केला. भुतांच्या बसवाल्याला जाऊन भेटले. भला माणूस होता, नीट ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यापासून प्रवाशांना सांगायला लागला, की घराची जुनी मॅनेजर आता सगळं नाकारते आहे, यावरून काय ते समजा. झालं! म्हणजे माझ्या नाकारण्यानेही भुताचं वजनच वाढलं. आमच्या साहेबांना म्हटलं, दिवाणखान्यातलं पान बदलू. ते म्हणाले, "आहे ते छान आहे की." मग शेवटच्या आठवड्यात मी विचारलंच नाही. नवं पान लिहिलं. घर बांधणाऱ्या साहेबाचं नाव ठेवलं, शेगडीही ठेवली, आणि खाली लिहिलं, की या घरात आ क्वान नावाच्या बाईने काम केलं, मागच्या जिन्यावर पडून तिचा पाय मोडला, तरी ती त्याच जिन्याने चढत-उतरत राहिली, आणि तिने एक मुलगी वाढवली. ते पान अजून तिथे आहे की नाही, देव जाणे. मागच्या जिन्याला मात्र कठडा बसवून घेतला. तो अंकल लिमच्या हातचा आहे, तो कोणी काढणार नाही.

फोटोची मोठी प्रत काढून घेतली, युक लानसाठी. तिच्याकडे आईचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. चोआ चू कांगच्या अस्थिगृहात आईच्या अस्थी ठेवल्या आहेत, तिथल्या कोनाड्याच्या झाकणावर चिकटवलेला म्हातारपणचा तेवढा आहे. दुकानात प्रत हातात आली तेव्हा प्रथमच मी तो फोटो खालपर्यंत पाहिला. इतकी वर्षं चेहराच बघत होते. आ क्वानचा डावा पाय बाहेर वळलेला होता. स्पष्ट दिसत होता.

म्हणजे उलटे पाय मला आत्याच्या हडळीवरून सुचले, की त्या दिवशी मिसेस हार्टलींपुढे उभी असताना डोळ्यांनी तो पाय टिपला होता आणि मला कळलंच नाही? मी शपथेवर सांगू शकत नाही. याच प्रश्नाने मी अजून उठते-बसते. युक लानला हे मी सांगितलेलं नाही. सांगायला हवं का, तेही कळत नाही.

निवृत्तीच्या दिवशी लार्कहर्स्टचा शेवटचा फॉर्म भरला. 'इतर शेरा' मध्ये लिहिलं: भूत नाही. सही केली.

या वर्षी सातव्या महिन्यात युक लानचा फोन आला, "संध्याकाळी पाच वाजता ये." हौगांगला तिच्या इमारतीखाली पिंपाशेजारी तिने सगळं मांडून ठेवलं होतं: संत्री, भात, चहाचे तीन पेले, आणि शेजारी आईचा मोठा केलेला फोटो. कागदी जोड्यांचे या वेळी दोन जोड होते. एक लाल. तो तिने स्वतः मांडला, बोटं रस्त्याकडे, टाचा आपल्याकडे. "हे तुमच्या गावच्या बाईसाठी," ती म्हणाली. "लांबून यायचं आहे तिला."

मग काळा जोड तिने उचलून माझ्या हातात दिला.

"तू उलटे केलेस ना? तूच सरळ कर."

 कागदाचे जोडे, वजन ते काय, पण धरवेनात. मी खाली बसले आणि ते जमिनीवर ठेवले. टाचा रस्त्याकडे, बोटं आमच्याकडे, घराकडे. दोन्ही एका रेषेत, नीट जुळवून. वर बघितलं, तर युक लान मान हलवत होती.

"डावा थोडा बाहेर," ती म्हणाली. "तिचा तसाच होता."

मी डावा जोडा थोडासा बाहेर वळवला.